श्पोर, लूई

(५ एप्रिल १७८४–२२ ऑक्टोबर १८५९). जर्मन संगीतरचनाकार, व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संचालक व शिक्षक. जन्म ब्राउनश्वाइग येथे. गोटा, व्हिएन्ना आणि फ्रँकफुर्ट येथील नोकऱ्यांनंतर १८२२ मध्ये ते कासेलच्या दरबारात संगीतप्रमुख झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

वाद्याची घडण आणि वादकाची अडचण ओळखून लिहिणे ही त्यांची खासियत. १८०६ मध्ये त्यांचा विवाह हार्पवादक दोरेट शाइडलर हिच्याशी झाला. दोघांसाठी लिहिताना ते हार्प अर्ध्या स्वराने खाली लावत आणि तिचा भाग अर्धा स्वर वर लिहीत: व्हायोलिन डी मेजर या स्वरश्रेणीत, तर हार्पच्या कागदावर अर्धा स्वर वरची ई फ्लॅट मेजर. ताण कमी झाल्याने तारा कमी तुटत, आणि व्हायोलिनला मोकळ्या (बोट न दाबलेल्या) तारांचा उजळ नाद मिळे. क्लॅरिनेटच्या बाबतीत उलटे घडले. क्लॅरिनेट व वाद्यवृंदासाठीच्या पहिल्या कंचेर्टोतले (१८०८) काही स्वर तेव्हाच्या वाद्यावर नीट निघतच नव्हते. ते वाजवण्यासाठी क्लॅरिनेटवादक हेर्मश्टेट यांनी आपल्या क्लॅरिनेटला जादा चाव्या बसवून घेतल्या.

१८२० च्या सुमारास त्यांनी व्हायोलिनची हनुवटीपट्टी बनवली. ती आजच्यासारखी डावीकडे नव्हती, मधोमध टेलपीसवर (तारांची खालची टोके अडकवण्याच्या पट्टीवर) होती. हनुवटी थेट वाद्याच्या वरच्या फळीवर दाबली की कंपने अडतात; सैल ठेवली, तर डावा हात उंच स्वरांकडून खालच्या स्वरांकडे सरकताना वाद्यही त्याच्यासोबत ओढले जाते.

‘येसोंडा’ (१८२३) ही त्यांची सर्वांत गाजलेली ऑपेरा. सतीप्रथेवरील तिचे कथानक पोर्तुगीज काळातील गोव्यात घडते. संगीत मात्र पूर्णपणे जर्मन.

शिष्यांत फेर्डिनांट डाव्हिड व मोरित्स हाउप्टमान प्रमुख. ‘व्हायोलिनशूल’ या पाठ्यग्रंथातील (१८३२) सरावपाठांना शिक्षकासाठी दुसऱ्या व्हायोलिनची साथ जोडलेली आहे. त्यामुळे बेसूर लगेच कानावर येतो. स्वरकंपाचे (व्हिब्रातोचे) तेथे चार प्रकार आहेत: जोरकस आघातासाठी जलद, लांबवलेल्या भावपूर्ण स्वरासाठी संथ, स्वर वाढताना संथाकडून जलद आणि ओसरताना जलदाकडून संथ. कंप इतका बारीक हवा की स्वर ढळल्याचे कानाला जेमतेम जाणवावे. प्रत्येक स्वरावर तो लावणे श्पोर यांना नामंजूर होते. तारांवर उड्या मारणारा गजही त्यांना थिल्लर वाटे. इटालियन व्हायोलिनवादक पागानीनीनंतरच्या वादकांना तोच गज हवा होता, आणि तो शिकायला त्यांना दुसरी पुस्तके शोधावी लागली.