गोव्यातील सोसायटी आणि शाळांची कचरा नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीची तयारी

कचऱ्याच्या नोंदणीचा विषय निघाला की बैठकीत पहिला प्रश्न असतो, "फॉर्म कुठे मिळतो?" खरे तर आधी विचारायला हवे ते वेगळेच: आपल्या आवारातून रोज किती किलो कचरा निघतो? सेक्रेटरी असोत की मुख्याध्यापक, याचे ठाम उत्तर फार थोड्यांकडे असते. पात्रता, जागा, खर्च, ठरावाचा मजकूर हे सगळे त्या आकड्यावर ठरते. म्हणून माझे सांगणे एवढेच, अर्जाला हात लावण्याआधी वजनकाटा आणा.

घनकचरा व्यवस्थापन नियम २०२६ हे १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आणि २०१६ चे नियम मागे पडले. पालिका हद्दीप्रमाणेच ते पंचायत क्षेत्रालाही लागू आहेत. "आम्ही पंचायतीत येतो, आम्हाला काही नाही" असे गोव्यात अजून सर्रास ऐकू येते. तो समज आता सोडून द्यावा.

तुम्ही पात्र आहात का?

नियमांच्या भाषेत तुम्ही बल्क वेस्ट जनरेटर, म्हणजे मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणारे, ठरता का हे तीन निकषांवर पाहिले जाते. बांधकामाचे एकूण क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा अधिक, रोजचा पाणीवापर ४०,००० लिटर किंवा अधिक, अथवा रोजचा कचरा १०० किलो किंवा अधिक. तिन्हींपैकी एक लागू झाला तरी पुरे.

क्षेत्रफळाचा निकष मोठ्या संकुलांनाच लागतो. २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, त्यामुळे अशा संकुलाच्या बिल्डरकडे मंजुरीचे पत्र असतेच. ते मागून घ्या आणि सोबतच्या अटी नीट वाचा. ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची अट बहुधा त्यात आधीपासून लिहिलेली असते. त्यासाठी दिलेले यंत्र तळघरात कापडाखाली झाकून पडले आहे, हेही अनेकांना तेव्हाच कळते.

पाण्याचा निकष मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. नळाचे बिल घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तीस दिवसांच्या बिलावर १,२०० घनमीटर दिसले की तुम्ही रेषेवर आलात. माणशी रोज १३५ लिटर आणि घरटी चार माणसे धरली तर सुमारे ७५ फ्लॅटची इमारत तिथे पोहोचते. विहिरीचे आणि टँकरचे पाणीही वापरच आहे. फक्त नळाचे बिल पाहून सुटकेचा श्वास टाकू नका.

शाळांनी याच निकषाकडे जास्त लक्ष द्यावे. दिवसाला १०० किलो कचरा शाळेत सहसा होत नाही. कागद, पेन्सिलीचे तासकाम, डब्यांतले उरलेले, माध्यान्ह आहारातली उरलेली भाजी आणि पाव, एवढेच. पण दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने ८९० च्या आसपास मुले-शिक्षक असलेले संकुल पाण्यावरून पात्र ठरू शकते. प्राथमिक, हायस्कूल आणि उच्च माध्यमिक एकाच आवारात, एकाच टाकीवर चालत असतील तर मीटर बघितल्याशिवाय "आम्ही छोटे" असे म्हणू नका.

वजन कसे घ्यायचे

सलग सात दिवस, रोज एकाच वेळी, गाडी यायच्या आधी. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे आकडे वहीत लिहा. वर्गीकरणाचे हे चार भाग नियमांतच आहेत. सॅनिटरीत डायपर आणि पॅड येतात. विशेष काळजीच्या कचऱ्यात ट्यूबलाइट, बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटल्या यात मिसळू नका. त्यांची यादी वेगळी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारूनच हलवा.

आठवडा पूर्ण घ्यायचे कारण गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सोमवारी पुष्कळ घरांत मासळी नसते, बुधवारी आणि रविवारी असते. रविवार रात्रीचे ओल्याचे पिंप उचलायला दोघे लागतात, सोमवारचे एकटा नेतो. भाड्याने दिलेले फ्लॅट जास्त असतील तर डिसेंबरातला एक आठवडा आणि जुलैतला एक आठवडा, दोन्ही मोजा. जागा आणि यंत्र निवडताना डिसेंबरचा आकडा धरा.

वजन झाले की आकड्याखाली तारीख, वेळ आणि सफाई कर्मचाऱ्याची सही घ्या. त्याला यातले सगळ्यात जास्त माहीत असते. कुठल्या मजल्यावरून मिसळलेला कचरा येतो हे तो नावानिशी सांगेल.

कागद कोणते जमवायचे

सोसायटीसाठी: नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, अधिकृत सही करणाऱ्याचे ओळखपत्र, घरपट्टीची पावती, भोगवटा दाखला (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट), पाण्याची मागची बिले, वजनाची वही आणि खताच्या जागेचा साधा नकाशा. शाळेसाठी नोंदणी प्रमाणपत्राच्या जागी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि सभेच्या जागी व्यवस्थापन समितीचा ठराव. सरकारी प्राथमिक शाळेची इमारत कोणाच्या ताब्यात आणि दुरुस्ती कोणाकडे, हे भागशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, नाहीतर खताच्या टाकीची परवानगी कोणी द्यायची यावरच वर्ष जाते.

सगळ्यांत जास्त अडते ते ठरावापाशी. "कचरा व्यवस्थापन करण्याचे ठरले" असा ठराव निरुपयोगी. कचरा रोज किती, ओल्यावर प्रक्रिया कुठल्या जागेत, सुका कोण नेणार, पैसे कुठल्या निधीतून, सही कोणाची, हे पाचही मुद्दे त्यात हवेत. सुका कचरा खासगी एजन्सीला देणार असाल तर तिच्या अधिकृत परवानगीची प्रत घेतल्याशिवाय करार करू नका. तिने कचरा डोंगरावर नेऊन टाकला तरी तो तुमच्या गेटमधून बाहेर पडलेला असतो.

नोंदणी

पात्र ठरलेल्यांनी नव्या नियमांप्रमाणे केंद्रीय ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करायची आहे. ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी प्रक्रिया आवारातच करणे ही अपेक्षा. जागाच नसेल तर त्या जबाबदारीपोटी प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, पण गोव्यातल्या बहुतेक आवारांत माडाखाली चार फूट जागा निघते आणि प्रमाणपत्रापेक्षा खत केव्हाही बरे. नोंदणी न करणे किंवा खोटी माहिती देणे यासाठी पर्यावरणीय भरपाई वसूल होऊ शकते.

पोर्टलवर अर्ज झाला म्हणजे काम संपले असे नाही. त्याची छापील प्रत आणि ठराव पंचायत सचिवांकडे किंवा पालिकेत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. गाडी तेच पाठवतात. पात्र न ठरलेल्यांनाही वर्गीकरण आणि वापरकर्ता शुल्क चुकत नाही. पणजीत काही वसाहतींमधून सुक्या कचऱ्याचे सोळा प्रकारांत वर्गीकरण केले गेले, तेव्हा चार डबे वेगळे ठेवणे अवघड आहे असे कोणी सांगू नये.

टाकी आणि फिनेल

पाहणीला कोणी आले तर खताची टाकी आधी पाहतील. गोव्यात ती पावसाळ्यात बिघडते. जूनमध्ये उघड्या टाकीत पाणी शिरते, काळे पाणी खालून वाहते, वास येतो आणि तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येते. वर पत्र्याचे छप्पर, खाली पाणी निथळायला खडीचा थर, आणि ओल्याच्या प्रत्येक बादलीवर तेवढाच सुका माल, एवढे केले की वास राहत नाही. सुका माल म्हणजे वाळकी पाने, काथ्याचा भुसा, भुगा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झडलेली पाने जाळू नका, पोत्यांत भरून छपराखाली ठेवा, पावसाळ्यात तीच कामी येतात. मासळीची घाण वर टाकू नका, मधोमध खड्डा करून पुरा. टाकी तापलेली लागली, हात आत घालवेना, तर ती बरोबर चालली आहे.

टाकीजवळची लादी मात्र फिनेलने धुवू नका. ते पाणी आत गेले की जिवाणू मरतात आणि खत होण्याऐवजी माल कुजतो. संडासातल्या ॲसिडचेही तेच. आपल्याकडे बहुतेक इमारती सेप्टिक टँकवर आहेत आणि शेजारी कोणाची तरी विहीर असते. ॲसिड आणि ब्लीच यांनी टँकमधले जिवाणू मरतात, मग न पचलेले पाणी जमिनीत उतरते. सफाईच्या कंत्राटात ॲसिड बंद, सुगंधी फिनेल बंद असे स्पष्ट लिहा. रोजच्या लादीला साधा साबण पुरतो. फळांच्या सालींचे बायो-एन्झाइम एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी या मापाने तीन महिन्यांत तयार होते आणि शाळेत मुलांना ते करायला फार आवडते. पण ते जंतुनाशक नाही. मुलाला उलटी झाली तर ती जागा ब्लीचच्या पातळ द्रावणानेच पुसा, आणि ब्लीच कधीही ॲसिडमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो सफाई करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जातो.

स्नेहसंमेलन किंवा सोसायटीचा गणपती शंभराहून जास्त माणसांचा असेल आणि जागा परवान्याची नसेल तर पंचायतीला वा पालिकेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचे, ही २०१६ च्या नियमांत आलेली अट आहे. त्याचे पत्रही याच फाइलला लावा. पोर्टलचे खाते एखाद्या सेक्रेटरीच्या खासगी मोबाइलवर उघडू नका, सोसायटीच्या किंवा शाळेच्या नावाच्या क्रमांकावर उघडा. समिती बदलली, मुख्याध्यापक निवृत्त झाले, की चाव्यांबरोबर वजनाची वही, पोचपावत्या आणि खात्याचा पासवर्डही लेखी सुपूर्द करा.