रॅमची जोडी : ‘सारखीच घ्या’ या सल्ल्यामागचा इतिहास

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने ग्राहकांना माल विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. साहजिकच, जुनी रॅम काढून नवा संच घालण्याऐवजी जुनीशेजारी एक स्टिक (रॅमची पट्टी) वाढवण्याकडे लोकांचा कल वळला. दुकानात त्यावर एकच उत्तर मिळतं : त्याच कंपनीची, त्याच स्पीडची घ्या. सल्ला वाईट नाही, पण तो ज्या कारणासाठी दिला जायचा ते कारण गेल्या पस्तीस वर्षांत अनेकदा बदललं आहे. आज तर कंपनीचं नाव ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे.

सुरुवातीला प्रश्न निव्वळ रुंदीचा होता. ३० पिनांच्या सिममधून (तेव्हाच्या रॅमच्या पट्टीतून) एका वेळी ८ बिट डेटा जायचा आणि ४८६ प्रोसेसरची बस, म्हणजे डेटाची वाट, ३२ बिटांची. म्हणून चार सिम मिळून एक बँक, म्हणजे पूर्ण संच. तीन लावले तर मशीन सुरूच होत नसे. १ एमबीच्या चार सिमवर चालणाऱ्या, चारच सॉकेटच्या मशीनला ८ एमबी हवी असेल, तर चारही काढून जास्त क्षमतेचे लावणं भाग होतं. पुढे ७२ पिनांचा ३२ बिटी सिम आला, ४८६ ला तो एक पुरायचा. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमची बस मात्र ६४ बिटांची, त्यामुळे पुन्हा जोडी आलीच. त्या काळातली एक खोड मजेशीर होती : सोन्याचा मुलामा असलेला सिम कथिलाच्या सॉकेटमध्ये बसवला की संपर्काच्या जागी ऑक्साइड साचायचं आणि काही महिन्यांनी विनाकारण पॅरिटी एरर (डेटा बिघडल्याची सूचना) यायची. पिना खोडरबरने पुसण्याचा उपाय आजही चालतो, पण तो सौम्यपणे करावा आणि भुगा झटकावा.

पुढच्या पिढीच्या पट्टीने, १६८ पिनांच्या एसडीरॅम डिमने, हा जाच संपवला. डिमच ६४ बिटांचा, त्यामुळे एक लावा, तीन लावा. डिमवर एसपीडी नावाची बारीकशी चिपही आली. आपली क्षमता, वेग आणि टायमिंग (उत्तर द्यायला लागणारा वेळ) ती बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, सांगते, आणि बायोस सगळ्या स्टिकना झेपेल अशा वेगावर गाडी आणतो. पीसी१०० (१०० मेगाहर्ट्झची) शेजारी पीसी१३३ बिनधास्त चालायची. रॅम मिसळायला इतका सोपा काळ परत आला नाही. पेच यायचा तो चिपच्या घनतेचा, म्हणजे एका चिपमध्ये किती मेमरी आहे याचा. इंटेलच्या गाजलेल्या ४४०बीएक्स चिपसेटवर (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपवर) १६ चिपची २५६ एमबी स्टिक पूर्ण दिसायची. तेवढ्याच क्षमतेची, पण ८ चिपची स्टिक निम्मी दिसायची. स्टिक खराब नसे, चिपसेटला तेवढा पत्ता मोजताच येत नसे. पुढे डीडीआर३ या रॅमच्या पिढीत हेच पुन्हा झालं : इंटेलच्या हॅसवेलपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरना एका स्टिकमागे ८ जीबीच्या पुढे जाता येत नाही. जुन्या मशीनसाठी १६ जीबीची स्वस्त डीडीआर३ स्टिक दिसली तर हे आठवावं.

मध्येच रॅम्बस ही वेगळ्या पद्धतीची रॅम येऊन गेली. १९९९ च्या इंटेल ८२० चिपसेटवर तिच्या रिम नावाच्या स्टिक लागायच्या आणि रिकाम्या स्लॉटमध्येही नुसती जोडपट्टी बसवावी लागे, कारण सिग्नल एका स्लॉटमधून पुढच्या स्लॉटमध्ये जायचा. महागड्या रिमऐवजी साधी एसडीरॅम चालावी म्हणून इंटेलने मध्ये एक भाषांतर करणारी चिप घातली. ती सदोष निघाली आणि मे २००० मध्ये इंटेलला ते बोर्ड बदलून द्यावे लागले.

बाजी मारली एसडीरॅमच्या पुढच्या पिढीने, डीडीआरने. तिच्यासोबत ड्युअल चॅनलच्या (रॅमकडे जाणाऱ्या दोन समांतर वाटांच्या) रूपाने जोडीही परतली. २००३ च्या पेंटियम ४ ची बस सेकंदाला ६.४ जीबी मागायची आणि डीडीआर४०० ची एक स्टिक ३.२ जीबी द्यायची, म्हणून दोन. फरक इतकाच की आता एकाच स्टिकवर मशीन बंद पडत नव्हतं, फक्त मंदावत होतं. नंतरच्या इंटेल चिपसेटनी विषम जोडीही सांभाळून घेतली. एका चॅनलला ८ आणि दुसऱ्याला १६ जीबी लावली, तर ८ अधिक ८ ड्युअल चॅनलमध्ये चालते आणि उरलेली ८ सिंगलमध्ये. आजच्या किमतीत ही तडजोड मुळीच वाईट नाही. दोन्ही स्टिक वेगवेगळ्या चॅनलला आहेत ना, एवढं पाहावं.

त्याच २००३ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी व्यवहार करणारा भाग) थेट प्रोसेसरच्या पोटात घातला; २००८ मध्ये इंटेलनेही तेच केलं. तेव्हापासून कोणती रॅम किती वेगाने चालेल हे ठरवण्यात बोर्डाइतकाच प्रोसेसरचा वाटा आहे.

डीडीआर३ च्या सुरुवातीला, २००७ मध्ये, इंटेलने एक्सएमपी आणलं आणि आजचा सगळ्यात मोठा घोळ तिथून सुरू झाला. एसपीडीमध्ये प्रमाणित वेगासोबत कंपनीने स्वतः तपासलेला वरचा वेगही लिहिला जाऊ लागला. खोक्यावर छापतात तो वरचा. उदाहरणच घ्या. एका डीडीआर४ स्टिकवर ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट असं लिहिलं आहे (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो येईपर्यंतचे घड्याळाचे ठोके). हा तिचा प्रमाणित वेग. दुसरीवर ३२००, सीएल१६, १.३५ व्होल्ट, हे एक्सएमपी, तिचा प्रमाणित वेग २१३३ किंवा २४०० असतो. दोन्ही ‘३२००’ म्हणून शेजारी लावल्या की एक्सएमपी बंद असताना दोघी त्या खालच्या वेगावर उतरतात. चालू केलं की सीएल२२ च्या चिपवर सीएल१६ लादलं जातं, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंदांचं काम १० मध्ये मागितलं जातं. मग डिस्प्ले येत नाही, किंवा येतो आणि दोन दिवसांनी निळा पडदा दिसतो. अशा वेळी सीमॉस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणून) बायोसमध्ये हाताने ३२०० आणि २२-२२-२२-५२ हे टायमिंग भरून पाहावं.

खरेदीआधी सीपीयू-झेड या प्रोग्रॅमचा एसपीडी टॅब उघडून जुन्या स्टिकचे हे आकडे टिपून घ्यावेत. रँकही (एकत्र काम करणाऱ्या चिपचा गट) बघावी. लेबलवर ‘१आरx८’ असं असतं त्यात पहिला आकडा रँकचा, दुसरा एकेका चिपच्या रुंदीचा. ‘x१६’ वाल्या डीडीआर४ मध्ये बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) चाराऐवजी दोनच असल्याने ती थोडी मंद पडते. चालते, पण पर्याय असेल तर टाळावी. कंपनी तीच असून भागत नाही, कारण एकाच मॉडेल नंबरखाली वेळोवेळी वेगळ्या चिप लागतात. कोर्सेअरच्या लेबलवर व्हर्जनचा आकडा असतो तो त्यासाठीच. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर४ स्वस्त मिळते, स्लॉटमध्येही बसते, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

डीडीआर५ ने, जिचं प्रमाण जुलै २०२० मध्ये आलं, पुन्हा पाट्या बदलल्या. पिना डीडीआर४ इतक्याच, २८८. खाच वेगळ्या जागी. आता अडचण टायमिंगपेक्षा जास्त स्टिकमुळे कंट्रोलरवर पडणाऱ्या विजेच्या भाराची आहे. रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेला एएमडीची अधिकृत हमी दोन स्टिकवर ५२०० ची आहे आणि चार स्टिकवर फक्त ३६०० ची. म्हणजे ६००० वर चालणाऱ्या १६ जीबीच्या जोडीला आणखी एक जोडी लावली की क्षमता दुप्पट होते आणि वेग मात्र बराच घसरू शकतो. इथे जुनी जोडी विकून ३२ जीबीची जोडी घेणंच बरं. दोनच स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. बहुतेक बोर्डांवर तार जवळच्या स्लॉटवरून पुढच्या स्लॉटकडे जाते. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये असली की पुढच्या रिकाम्या टोकावरून सिग्नल परत आदळतो. स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड टायमिंग जुळवत असतो, तेव्हा घाबरून स्विच बंद करू नये.

एवढं झाल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या होऊ द्याव्यात, शक्यतो रात्रभर. एकही चूक दिसली तर स्टिक एकेकट्या तपासाव्यात. एकेकट्या निर्दोष आणि एकत्र सदोष ठरल्या, तर वेग एक पायरी खाली, डीडीआर४ असेल तर ३२०० वरून २९३३ वर, आणून पुन्हा चाचणी लावावी. एकटी असतानाही चूक देणारी स्टिक दुकानाची बदलीची मुदत संपण्याआधी परत करावी.