सपाट पोटाची गोष्ट : लाकडी आरसी ग्लायडरचे एअरफॉइल आले कुठून?

बाल्साच्या हलक्या लाकडाचा आरसी ग्लायडर, म्हणजे रेडिओने चालवायचं बिनइंजिनाचं मॉडेल विमान, घरी बांधायला घेतला की पहिला वाद एअरफॉइलवरूनच, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकारावरूनच होतो. जुना गडी क्लार्क वाय सोडत नाही, कुणी एप्लर २०५चा आग्रह धरतो, नवी पोरं एजी ३५ म्हणतात. ही नावं वेगवेगळ्या काळातली आहेत आणि त्यातली सगळीच काही आपल्या आकाराच्या पंखासाठी जन्माला आलेली नाहीत.

क्लार्क वाय १९२२ चा, अमेरिकेच्या व्हर्जिनियस क्लार्क यांचा. जाडी पंखाच्या रुंदीच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या) ११.७ टक्के आणि पुढच्या ३० टक्क्यांनंतर पोट, म्हणजे खालची बाजू, थेट सपाट. १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो याच आकाराच्या पंखावर. मॉडेलवाल्यांना मात्र त्याची खरी भुरळ पडली ती सपाट पोटामुळे. प्लॅन टेबलावर पसरायचा, त्यावर रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या पातळ लाकडी फासळ्या) उभ्या करायच्या, आणि पंख पीळ न पडता तयार! वायुगतीपेक्षा सुताराच्या सोयीने झालेली ही निवड होती, आणि ती मला आजही गैर वाटत नाही.

१९३३ मध्ये नाका या अमेरिकेच्या विमानविद्या संशोधन संस्थेने ७८ एअरफॉइलच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. क्लार्क वाय आणि जर्मनीचा गटिंगेन ३९८ यांचा बाक (छेदाचा वक्रपणा) काढून टाकला आणि जाडी सारखी केली, तर दोन्ही आकार जवळजवळ एकच निघतात, हे त्या कामात दिसलं. चार आकडी नाका मालिका त्यातूनच आली. पण त्या चाचण्या तीस लाखांच्या आसपासच्या रेनॉल्ड्स अंकाला झाल्या होत्या. पंखाची रुंदी आणि वेग यांबरोबर वाढणारा हा अंक हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगतो. आपला २० सेंटिमीटर रुंदीचा पंख सेकंदाला ७ मीटर वेगाने उडतो तेव्हा हा अंक लाखालाही जेमतेम पोचतो. इतक्या फरकाने हवेचं वागणंच बदलतं.

ते किती बदलतं, हे जर्मनीत एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी मोजून १९४२ मध्ये ग्रंथरूपात मांडलं. त्यांनी सपाट पट्टी, पातळ वाकवलेली पट्टी आणि एन ६० सारखा जाड एअरफॉइल मॉडेलच्याच वेगांना तपासले. एका मर्यादेखाली एन ६०ची उचल एकदम ढासळली आणि साधी वाकवलेली पट्टी सरस ठरली. जाड पंखावरचा संथ, थरांनी वाहणारा प्रवाह मागच्या उतारावर तग धरत नाही. तो पृष्ठभाग सोडतो आणि इतक्या कमी रेनॉल्ड्स अंकाला परत चिकटत नाही. पातळ पट्टीची धारदार पुढची कडा मात्र प्रवाहाला सुरुवातीलाच खळबळवते, आणि असा प्रवाह पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो. पुढच्या कडेजवळ दोरा किंवा बारीक पट्टी चिकटवायची टर्ब्युलेटरची युक्ती याच तत्त्वावर चालते. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं काम. त्याआधी मॉडेलसाठी मोठ्या विमानांचे आकार फक्त लहान करून वापरले जात.

पुढे श्टुटगार्टच्या रिचर्ड एप्लर यांनी उलट बाजूने सुरुवात केली. पंखावर दाब कसा पडावा हे आधी ठरवायचं, मग त्यातून गणिताने आकार काढायचा. ई १९३, ई २०५, ई ३८७ हे त्यातलेच. ई २०५चं पोट जवळजवळ सपाट, त्यामुळे लाकूडकाम करणाऱ्यांनी तो आनंदाने उचलला. ई ३८७ तर इतका प्रमाणभूत ठरला की १९८० च्या दशकात नासानेही कमी रेनॉल्ड्स अंकाच्या चाचण्यांसाठी तोच घेतला.

कागदावरचा आकार आणि हाताने घासलेला आकार यांतली तफावत नीट पुढे आली ती अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात. मायकेल सेलिग, जॉन डोनोव्हन आणि डेव्हिड फ्रेझर यांनी १९८७ ते १९८९ या काळात तिथे साठेक हजारांपासून तीन लाखांपर्यंतच्या रेनॉल्ड्स अंकांना कितीतरी एअरफॉइल तपासले. चाचणीचे पंख छांदिष्टांनीच बांधून दिले होते. प्रत्येक पंखाचा प्रत्यक्ष आकार मोजून मूळ रेखाटनाशेजारी ठेवला गेला. एसडी ७०३७ हा तिथलाच. पुढच्या दशकात थर्मल ग्लायडरवर (वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगणाऱ्या ग्लायडरवर) तो सर्रास दिसू लागला.

एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एक्सफॉइल ही संगणक प्रणाली लिहिली. ती फुकट उपलब्ध झाल्यावर घरबसल्या एअरफॉइल तपासता येऊ लागले. ड्रेला स्वतः ग्लायडर बांधणारे. त्यांच्या दोन मीटर पंखविस्ताराच्या अलेग्रो-लाइट ग्लायडरसाठी काढलेल्या एजी ३५ ते ३८ या मालिकेचं पोट बहुतांश सपाट आहे. क्लार्क वायची सोय परत आली, पण या वेळी लहान पंखाच्या गणितासकट.

आता रिब्स लेझरने अचूक कापून मिळतात. अडचण उरते ती दोन रिब्सच्या मधल्या भागाची, कारण पंखावर ताणलेली पातळ प्लास्टिक फिल्म तिथे खाली दबते आणि पंखाचा छेद बदलतो. म्हणून पुढच्या कडेपासून स्पारपर्यंतचा (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंतचा) भाग पातळ बाल्साने मढवतात. आकाराला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते तिथेच.