भारतीय प्रायोगिक लघुपट

गोष्ट सांगणे किंवा माहिती पुरवणे दुय्यम ठरवून प्रतिमा, ध्वनी आणि संकलन यांच्याच शक्यता चाचपणारा कमी लांबीचा चित्रपट म्हणजे प्रायोगिक लघुपट. ही व्याख्या भारतात काटेकोरपणे लावली तर हाती फार थोडे लागते. युरोप-अमेरिकेत हा प्रकार स्टुडिओंच्या बाहेर, चित्रकार आणि कवींच्या खटाटोपातून उभा राहिला. भारतात त्याचा सर्वांत जोमदार काळ गेला तो मुंबईच्या पेडर रोडवरील एका सरकारी खात्यात, आणि त्याचे बरेचसे विषयही तिथल्या फायलींतूनच आले.

हे खाते म्हणजे १९४८ साली स्थापन झालेले फिल्म्स डिव्हिजन. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवावा लागे आणि त्याचे भाडेही भरावे लागे. ती जागा जवळजवळ पूर्णपणे फिल्म्स डिव्हिजनने व्यापलेली असल्यामुळे स्वतंत्र लघुपटकाराला मोठा पडदा मिळणे दुरापास्त होते. लांबीचे गणितही त्याच व्यवस्थेने ठरवले. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात सुमारे अकरा मिनिटे मावतात, आणि त्या काळचे कित्येक लघुपट एका किंवा दोन रिळांत आटोपतात. धरणे, खते, लसीकरण यांवरच्या या पटांचे भारदस्त निवेदन सुरू असताना प्रेक्षक बाहेर चहा-विडी उरकून घेत, ही त्यांची ख्याती.

साठच्या दशकाच्या मध्यात या रुळलेल्या वाटेला फाटा फुटला. युनेस्कोत काम केलेले जाँ भावनगरी १९६५ मध्ये मुख्य सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी पगारी दिग्दर्शकांना मोकळीक दिली. शिवाय बाहेरच्या कलावंतांनाही बोलावले. म. फि. हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा राजस्थानात चित्रित केलेला, निवेदनाशिवायचा लघुपट १९६७ च्या बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल घेऊन आला. तय्यब मेहतांच्या ‘कूडल’मध्ये (१९७०) वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. त्यांच्या चित्रांत वारंवार येणारा जखडलेला बैल समजून घ्यायचा तर हा लघुपट पाहायलाच हवा.

प्रयोगाचा खरा ध्यास मात्र खात्यातल्याच प्रमोद पती (१९३२–७५) यांचा. चेकोस्लोव्हाकियात बाहुल्यांच्या सचेतपटाचे (ॲनिमेशनचे) शिक्षण घेतलेल्या पतींना जिवंत माणूसही बाहुलीसारखा चौकटीगणिक हलवून पाहण्याची ओढ होती. ‘आबिद’मध्ये (१९७२) चित्रकार आबिद सुरती याच रीतीने एका खोलीत प्रकटतात, भिंती रंगवत सुटतात, आणि खोलीच एक चित्र होऊन बसते. ‘क्लॅक्सप्लोजन’चा (१९६८) विषय कुटुंबनियोजन, म्हणजे खात्याचा सर्वांत घासून गुळगुळीत झालेला विषय. पतींनी त्यात उपदेश जवळपास काढूनच टाकला आणि त्या जागी ताल आणि खट्याळपणा भरला. ‘एक्सप्लोरर’ (१९६८) तर आजही दमवतो. बेभान नाचणारे तरुण, प्रयोगशाळा, धार्मिक चिन्हे आणि मंत्र क्षणाक्षणाला एकमेकांवर आदळतात आणि समजावून सांगायला निवेदक नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांच्यामध्ये ओढली जाणारी पिढी, असा त्याचा विषय सांगता येईल. पण विषय सांगून हा लघुपट हाती लागत नाही. सरकारी पैशाने आणि सरकारी शिक्क्यानिशी असे काही तयार झाले, याचे नवल ओसरत नाही.

खात्यातलेच दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री यांची वाट वेगळी होती. १५ ऑगस्ट १९४७ च्या सुमारास जन्मलेल्या तरुणांना त्यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’मध्ये (१९६७) देशाविषयी आणि स्वतःविषयी बोलते केले. उत्तरांत उमेद आहे, टवाळी आहे आणि देशाशी देणेघेणे नसल्याची उघड कबुलीही आहे. शास्त्रींनी ती एकसुरी केली नाहीत. संकलनातून एक उत्तर दुसऱ्याला छेद देत राहते. ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’मध्ये (१९६८) त्यांनी रोख आपल्याच धंद्यावर वळवला. लघुपट कशाला करायचे, कोणासाठी करायचे, आणि ते पाहून काय बदलते, असा हा स्वतःचीच उलटतपासणी घेणारा पट आहे. आणीबाणीत (१९७५–७७) खात्याची ताकद उघड प्रचाराकडे वळली आणि ही हवा विरली.

याच सुमारास खात्याबाहेरही एक अल्पजीवी प्रयत्न झाला. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केली. तेथे त्यांनी केलेला ‘सिझिजी’ हा ठिपके आणि रेषांचा निःशब्द सचेतपट पाहणाऱ्याला कोणतीही सवलत देत नाही. त्यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकमेव प्रत हरवली. नलिनी मालानी यांनी येथेच ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) हा रंगीत ॲनिमेशनपट केला. पुढे १९७६ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीकडे पाहणाऱ्या स्त्रीचा कृष्णधवल पट त्याच्या शेजारी ठेवून त्यांनी ‘युटोपिया’ ही जोडकृती घडवली. नव्या नगररचनेचे स्वप्न आणि सात वर्षांनंतरचा भ्रमनिरास दोन पडद्यांवर एकाच वेळी दिसतात.

दुसरा आसरा पुण्याचा. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपटसंस्थेतले विद्यार्थ्यांचे पदविकापट बाजाराच्या हिशेबातून सुटलेले असत. मणी कौल आणि कुमार शहानी हे दिग्दर्शक येथूनच बाहेर पडले. येथेच शिकलेल्या अरुण खोपकरांनी ‘फिगर्स ऑफ थॉट’ (१९९०) या भूपेन खख्खर, नलिनी मालानी आणि विवान सुंदरम यांच्यावरील पटात चित्रांविषयी बोलण्याऐवजी चित्रांच्या रीतीने पाहण्याचा प्रयत्न केला.

नंतरच्या पिढीत विषय राष्ट्राकडून घराकडे सरकले. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त घरात आणलेली पिठाची गिरणी मुलासाठी आधी अप्रूप आणि मग जाच होते, बदलाची गोष्ट मुख्यतः तिचा आवाज सांगतो. पायल कपाडिया यांच्या ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’मध्ये (२०१८) जंगलाकाठच्या गावातल्या बायका आपली प्रेमे कुजबुजतात, पण पडद्यावर दिसत नाहीत. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो रूपाने प्रायोगिक म्हणता येणार नाही. मात्र शाळेची ओढ लागलेल्या, गावकुसाबाहेरच्या मुलाला मराठी पडद्यावर मध्यभागी आणणे ही वेगळ्या जातीची नवलाई होती. स्वतंत्र आणि प्रायोगिक हे दोन शब्द जोडीने वापरायची सवय अशा ठिकाणी अडचणीची ठरते.

दाखवायचे कुठे, हा प्रश्न व्हिडिओ आला तरी सुटला नाही. माहितीपट, लघुपट आणि सचेतपटांसाठीचा मुंबईचा महोत्सव १९९० पासून भरतो आणि त्याचे यजमानपद दीर्घकाळ फिल्म्स डिव्हिजनकडेच होते. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय पटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला. विरोधानंतर अट मागे घेतली गेली, पण अनेक पट निवडीत वगळले गेले, तेव्हा लघुपटकारांनी मुंबईतच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. केवळ प्रायोगिक चित्रपटांना वाहिलेला ‘एक्स्पेरिमेंटा’ महोत्सव शाय हेरेडिया यांनी २००३ मध्ये सुरू केला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. एके काळी चहा-विडीच्या वेळेत संपणारे पती आणि शास्त्रींचे लघुपट आता यूट्यूबवर मुद्दाम शोधून पाहिले जातात.