मुलांच्या हाडांतील कूर्चेच्या गाठी : प्रतिमा-तपासणीची पार्श्वभूमी

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा खांदा वा गुडघा महिनोन्‌महिने दुखत राहिला, तर आधी मुका मार, मग हाडाचा क्षय आणि मूल सातपुड्यातील भिल्ल किंवा पावरा कुटुंबातले असल्यास सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार, अशा क्रमाने शंका घेतल्या जातात. कूर्चेची, म्हणजे सांध्याजवळच्या लवचिक ऊतीची, गाठ सहसा आठवत नाही आणि त्यात दोष काढण्यासारखेही फारसे नाही, कारण हाडाच्या टोकाशी वाढणाऱ्या कॉन्ड्रोब्लास्टोमा या कूर्चेच्या सौम्य गाठीचे प्रमाण हाडांच्या मूळ गाठींत शेकडा एकाहूनही कमी आहे.

इटलीच्या माफुच्ची यांनी कूर्चेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी एकत्र असणारा आजार १८८१ मध्ये नोंदवला, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. १८९५ मध्ये राँटगेन यांनी तो लावला, तरी अडचण उरलीच : कूर्चा हे किरण फारसे अडवत नाही. फिल्मवर दिसते ती हाडातली पोकळी, तिची पातळ पांढरी कडा आणि कॅल्शियम साठले असेल तर लाह्यांसारखे ठिपके. एवढ्या तुटपुंज्या खुणांवर बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३१ मध्ये खांद्याजवळच्या कॉन्ड्रोब्लास्टोमाचे वर्णन केले. मात्र त्यांनी तिला जायंट सेल ट्यूमर या महापेशींच्या गाठीचाच एक प्रकार मानले. जाफे आणि लिश्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये तिला वेगळी ठरवून सौम्य कॉन्ड्रोब्लास्टोमा असे नाव दिले.

सिटी स्कॅन १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला, तो मेंदूसाठी. पुढे हाडातले बारीक ठिपके त्यात स्पष्ट दिसू लागले. एमआरआयने कूर्चा थेट दाखवली, शिवाय मुलाला किरणोत्सर्गही टळला. मात्र कॉन्ड्रोब्लास्टोमाभोवतीच्या मज्जेत एवढी सूज असते की केवळ एमआरआय पाहणाऱ्याला लहानशी सौम्य गाठ घातक, किंवा जंतुसंसर्गाची, वाटू शकते. माझ्या मते नव्या यंत्राने साध्या एक्स-रेची गरज कमी केली नाही, उलट वाढवली.

खानदेशात हा पेच अधिक अवघड होतो, कारण क्षय हाडाच्या त्याच टोकाला पोखरतो. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचा किंवा खांद्याचा गोलाकार भाग मरतो, आणि हाडाच्या दांड्यातील जुना मृत भाग कॅल्शियम साठल्यावर एन्कॉन्ड्रोमा या हाडाच्या आत वाढणाऱ्या कूर्चेच्या गाठीसारखा दिसतो. त्यामुळे सिकलसेलची रक्ततपासणी इथे प्रतिमेइतकीच महत्त्वाची आहे. तरीही शंका राहिली तर तुकडा तपासावाच लागतो. बहुतेक कॉन्ड्रोब्लास्टोमांत आढळणारा हिस्टोन (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिने) जनुकातील बदल २०१३ मध्ये उजेडात आल्यापासून त्या तपासणीलाही भक्कम आधार मिळाला आहे.

गाठ खरवडून काढल्यावरही काही मुलांत ती पुन्हा उद्भवते, आणि ते ओळखण्यासाठी पहिल्या फिल्मशी ताडून पाहावे लागते; मुंबईच्या टाटा मेमोरियलला निघालेल्या कुटुंबाने म्हणूनच ताज्या एमआरआयबरोबर गावातला पहिला एक्स-रेही पिशवीत ठेवायला हवा.