विमानातली पहिली रांग खरोखर कमी हलते का?

‘एसटीत मागच्या बाकावर दणके बसतात, तसेच विमानातही बसतात, म्हणून पहिलीच रांग मागून घ्यावी,’ असा सल्ला सोलापुरातून प्रथमच विमानाने निघालेल्यांना हमखास पाठवला जातो. एसटीचा अनुभव खरा आहे, कारण तिची शेवटची बाके मागच्या चाकांच्याही पलीकडे असतात. विमान मात्र हवेत आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे त्याचे वजन जिथे तोलले जाते त्या बिंदूभोवती, झुकते आणि तो पंखांच्या आसपास असतो. त्यामुळे शेपटीप्रमाणे नाकाचाही झोका मोठा असतो, तर पंखांलगतच्या रांगांत तो सर्वांत कमी जाणवतो.

पडताळणी सोपी आहे. एअरबस ए३२० च्या आसननकाशात मधल्या आपत्कालीन दारांच्या रांगा शोधाव्यात. त्या पंखावरच असतात. तिथे पाय पसरता येतात, पण त्यांतल्या पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही आणि खिडकीतून खाली पंखच दिसतो. पोट ढवळण्याचा त्रास नसेल, तर माझ्या मते हा सौदा फारसा फायद्याचा नाही. एटीआर ७२ या प्रोपेलरच्या छोट्या विमानात पंख खिडक्यांच्या वर असल्याने जमीन मोकळी दिसते, मात्र प्रोपेलरचा आवाज जवळून ऐकावा लागतो. शिवाय तिथे प्रवाशांचे दार मागे असते, त्यामुळे पहिल्या रांगेतला प्रवासी उतरताना शेवटी राहतो.