बॉक्सिंग की अनबॉक्सिंग? जावातल्या फॉर-ईचबद्दलचा एक चिवट गोंधळ

"फॉर-ईच नको, प्रत्येक फेरीला नवा इंटिजर तयार होतो." फॉर-ईच म्हणजे संग्रहातला एकेक घटक आपोआप हाती देणारा लूप. जावाच्या कोड रिव्ह्यूत ही सूचना इतक्यांदा दिली जाते की नवीन मुलं ती नियम म्हणून पाठच करतात. ॲरेलिस्टवरच्या (जावाच्या नेहमीच्या यादीवरच्या) साध्या लूपला ती मुळी लागूच नाही. आणि जिथे ती तंतोतंत लागू आहे, तिथे ती कुणी देत नाही. बॉक्सिंग (आकड्याचा ऑब्जेक्ट करणं) आणि अनबॉक्सिंग (ऑब्जेक्टमधून आकडा काढणं) या दोन उलट दिशांच्या क्रिया आहेत, पण बोलताना आपण दोन्हींना सरसकट 'बॉक्सिंगचा खर्च' म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

इंट म्हणजे चार बाइटांचा नुसता आकडा, इंटिजर म्हणजे तोच आकडा पोटात घेतलेला ऑब्जेक्ट, हे सगळ्यांना येतं. जावाच्या जेनेरिक्समध्ये, म्हणजे 'अमुक प्रकारची लिस्ट' असं लिहायच्या सोयीत, इंट बसत नाही, म्हणून लिस्ट इंटिजरचीच करावी लागते, हेही. (सी-शार्पकडून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिकडची इंटची जेनेरिक लिस्ट खरोखर इंटच साठवते. इकडे तसं नाही.) २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स, फॉर-ईच आणि ऑटोबॉक्सिंग (ही रूपांतरं आपोआप होणं) तिन्ही एकदम आली. तेव्हापासून ही रूपांतरं कंपायलर परस्पर घालतो आणि कोड वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

इंडेक्सचा लूप की फॉर-ईच, हा वाद सोडूनच द्या. ॲरेवरच्या फॉर-ईचचा कंपायलर स्वतःच इंडेक्सचा लूप करतो. ॲरेलिस्टवर अख्ख्या लूपसाठी मिळून एक इटरेटर, म्हणजे पुढचा घटक काढून देणारा ऑब्जेक्ट, तयार होतो. लिंक्डलिस्टवर इंडेक्सने फिरणं तर घातकच, कारण प्रत्येक 'गेट' जवळच्या टोकापासून पुन्हा चालत निघतो आणि काम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फॉर-ईच लिहा आणि पुढे चला.

आता दिशा. आकड्याचा ऑब्जेक्ट होतो ते बॉक्सिंग. इथे कंपायलर इंटिजरची 'व्हॅल्यूऑफ' मेथड बोलावतो. −१२८ ते १२७ मधल्या आकड्यांसाठी आधीच तयार ठेवलेले ऑब्जेक्ट मिळतात; त्याबाहेरच्या आकड्यासाठी साधारणपणे नवी मेमरी घेतली जाते आणि पुढे गार्बेज कलेक्टरला काम लागतं. ऑब्जेक्टमधून आकडा काढतो ते अनबॉक्सिंग. इथे 'इंटव्हॅल्यू' बोलावली जाते आणि एक फील्ड वाचलं जातं. नवीन काहीच तयार होत नाही. डबा भरायला डबा लागतो. भरलेला डबा उघडायला दुसरा डबा लागत नाही.

ॲरेलिस्टवर फॉर-ईच फिरवून प्रत्येक घटक इंटमध्ये घेतला तर फक्त अनबॉक्सिंग होतं. ऑब्जेक्ट तयार झाले ते लिस्ट भरताना. मग हा लूप इंटच्या ॲरेपेक्षा हळू का? कारण आकडे मेमरीत कुठे आहेत ते. ॲरेत आकडे एकाला एक लागून असतात. प्रोसेसरची कॅश लाइन सहसा ६४ बाइटांची, म्हणजे मेमरीच्या एका खेपेत १६ आकडे हाती येतात, आणि पुढची लाइन प्रोसेसर आधीच मागवून ठेवतो. ॲरेलिस्टमध्ये लागून असतात ते रेफरन्स. प्रत्येक आकड्यासाठी रेफरन्स धरून ऑब्जेक्टपर्यंत जावं लागतं, आणि ते ऑब्जेक्ट हीपमध्ये (ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत) विखुरलेले असू शकतात. ६४ बिटांच्या हॉटस्पॉटवर (जावा चालवणाऱ्या नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनवर), नेहमीच्या सेटिंगमध्ये, एक इंटिजर १६ बाइटांचा आणि त्याचा रेफरन्स ४ बाइटांचा. दहा लाख वेगवेगळे आकडे ॲरेत ४ एमबी, लिस्टमध्ये सुमारे २० एमबी. जावा २५ मध्ये प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीला असणारं हेडर छोटं, ८ बाइटांचं वापरता येतं, पण त्यावर विसंबू नका: ८ आणि ४ मिळून १२ होतात आणि ऑब्जेक्टचा आकार ८ च्या पटीत नेल्यावर पुन्हा १६ च. हा सगळा खर्च साठवणीचा आहे. लूपची वाक्यरचना बदलून त्यातला एक बाइटही वाचत नाही.

आता उलटी बाजू, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लिस्ट जड पडते म्हणून कुणीतरी फास्टयुटिल या लायब्ररीचा इंटॲरेलिस्ट आणतो. आत खराखुरा इंटचा ॲरे, उत्तम निवड. मग सवयीने त्यावर फॉर-ईच. पण फॉर-ईचला साधा इटरेटरच कळतो, तो 'नेक्स्ट' बोलावतो, आणि 'नेक्स्ट'ला इंटिजर परत द्यावा लागतो. म्हणजे आतला इंट आधी बॉक्स होतो आणि लगेच अनबॉक्स. ज्या कलेक्शनमध्ये एकही इंटिजर नव्हता, त्याच्यावरच्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला इंटिजर बनू लागतात. ती कोड रिव्ह्यूची सूचना इथे द्यायला हवी होती! जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असताना कोड सुधारणारा) कधीकधी हे पुसून टाकतो, पण सगळ्या मेथड इनलाइन झाल्या, म्हणजे त्यांचा कोड लूपमध्येच बसवला गेला, तरच. त्या भरवशावर गरम, म्हणजे प्रोग्रॅमचा बराच वेळ खाणारा, लूप लिहू नये.

जावा ८ ने २०१४ मध्ये यासाठीच प्रिमिटिव्हइटरेटर, म्हणजे नुसते आकडे देणारा इटरेटर, दिला. त्यात 'नेक्स्टइंट' वापरा, 'नेक्स्ट' नको. हा सापळा जेडीके (जावाचा मूळ संच) लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होता: अशा नकळत होणाऱ्या बॉक्सिंगवर इशारा छापणारी 'ट्रिपवायर' नावाची सोय त्यांनी आतच ठेवली आहे, एरवी ती बंद असते. फास्टयुटिलने आपल्या इटरेटरचा 'नेक्स्ट' डेप्रिकेटेड ('वापरू नका' अशी खूण केलेला) करून ठेवलाय, पण फॉर-ईच लिहिल्यावर तो इशारा दिसतच नाही. म्हणून मला एक्लिप्स कलेक्शन्स या दुसऱ्या लायब्ररीचा मार्ग जास्त पटतो. त्यांची इंटची कलेक्शन्स इटरेबल (फॉर-ईचला लागणाऱ्या प्रकारची) नाहीतच, त्यामुळे फॉर-ईच कंपाइलच होत नाही आणि चूक करायची सोयच उरत नाही.

याच दिशेने पाहिलं की बाकीचे प्रश्न पटापट सुटतात. लूप साधा आहे पण बेरीज कॅपिटल 'एल'वाल्या लाँगमध्ये ठेवली? प्रत्येक फेरीला बॉक्सिंग, आणि लिस्टचा त्यात काही दोष नाही. इंटिजरच्या स्ट्रीमवर 'रिड्यूस'ने बेरीज? प्रत्येक टप्प्याची बेरीज पुन्हा बॉक्स. त्याऐवजी 'मॅपटूइंट' करून 'सम' घेतली तर फक्त अनबॉक्सिंग उरतं. लिस्टमध्ये नल असेल तर लूप फुटतो तोही अनबॉक्सिंगच्याच ओळीवर.

मला सर्वांत जास्त खटकते ती मेथडची सही, म्हणजे तिचं नाव आणि पॅरामीटर लिहिलेली ओळ. आत इंटॲरेलिस्ट जपून वापरलेला असतो आणि मेथडचा पॅरामीटर मात्र 'इंटिजरची कलेक्शन' असा लिहिलेला. 'इंटरफेसवर अवलंबून राहा' हा सल्ला इथे महागात पडतो, कारण त्या सहीच्या पलीकडे 'नेक्स्टइंट' दिसतच नाही. पॅरामीटरमध्ये फास्टयुटिलचा इंटलिस्ट किंवा सरळ इंटचा ॲरे लिहा. आणि हा लूप गरम आहे असं प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) दाखवत नसेल, तर इंटिजरची ॲरेलिस्ट खुशाल ठेवा, फॉर-ईचसकट.